अधिकृत पोपटी

निडीच्या दिनानाथ खामकरला मित्र किती, असं कुणी विचारलं की तो खिशातून फोन काढून आकडाच वाचून दाखवायचा. एकशे त्रेचाळीस. त्यातले निम्मे रस्त्यात समोरून आले असते तर त्याने ओळखलेही नसते, पण प्रत्येकाचा वाढदिवस, बायकोचं नाव, मुलाची दहावीची टक्केवारी आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर डाव्या की उजव्या, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. ग्रुपचं नाव 'शहाण्णवची बॅच, कायम सोबत'. रोह्याच्या कॉलेजातून शहाण्णव साली बाहेर पडलेल्या तिन्ही शाखांच्या मंडळींचा हा ग्रुप. कॉलेजचं नाव इथे देत नाही. दिलं की लगेच कुणीतरी सदस्यत्वाचा फॉर्म पाठवील.

दिनानाथ धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. सत्तावीस वर्षं एकच रिअॅक्टर सांभाळत होता. सकाळी साडेपाचला, दात घासायच्या आधी, तो एकशे त्रेचाळीस माणसांना फुलाच्या चित्रासकट सुप्रभात घालायचा आणि मग पहिल्या शिफ्टला निघायचा. उत्तरादाखल तीन-चार अंगठे यायचे. त्यातला एक नेमाने डोलवीच्या प्रविणचा, कारण तो त्या वेळी नाइट शिफ्ट संपवून चहाच्या टपरीवर उभा असायचा. बाकीच्यांना सुप्रभात दुपारी दिसायची, आणि काहींना ती दिसूनही दिसायची नाही.

पण काम पडलं की मात्र सगळ्यांना दिनानाथ दिसायचा. आदर्शचे सासरे पेणला दवाखान्यात होते, तर चार रात्री तिथल्या बाकड्यावर हा झोपला. निकेशची गाडी नागोठण्याच्या पुढे बंद पडली, तर मेकॅनिकला मागे बसवून हा घेऊन गेला. कुणाला सातबारा हवा, कुणाच्या पोराला धाटावजवळ खोली हवी, कुणाला लग्नासाठी हॉल हवा, की ग्रुपवर मेसेज पडायचा, 'दिना आहे ना?' दिना असायचाच. त्यासाठी तो कंपनीतून रजा काढायचा. बायकोच्या, म्हणजे नूतनच्या, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायची वेळ आली तेव्हा मात्र नेमकी शिफ्ट आडवी आली होती. नूतन तेव्हा काही बोलली नाही. न बोलता एखादी गोष्ट पंधरा वर्षं लक्षात ठेवायची कला तिला चांगली अवगत होती.

आणि दर जानेवारीत दिनानाथच्या शेतात पोपटी व्हायची. भात निघाल्यावर त्याच जमिनीत वाल पेरलेले असत. शेंगा भरल्या की दिनानाथ रविवार ठरवायचा. आदल्या दिवशी बांधाबांधावरून भांबुर्ड्याचा पाला खुडून आणायचा, कारण तो तिखट वासाचा पाला नसेल तर पोपटी ही पोपटीच नव्हे. मडक्याच्या तळाशी पाला, वर मीठ-ओवा चोळलेल्या अख्ख्या शेंगा, मधे अंडी, पाल्यात गुंडाळलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाल्याचा गच्च बोळा. मग मडकं उपडं घालायचं, भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायचं. पाण्याचा थेंब आत नाही. बाहेरून मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चर्र करून क्षणात उडालं की झाली. हा क्षण दिनानाथच ओळखायचा. एका वर्षी घाईत मडकं उचलताना त्याचं डावं मनगट भाजलं, तो चट्टा अजून होता. मुंबई-पुण्याहून आलेली मंडळी शेंगा सोलत म्हणायची, 'दिना, तुझ्या हाताला काय चव आहे रे!' दिनानाथ वर्षभर त्या वाक्यावर जगायचा.

अशाच एका पोपटीला सुशील उभा राहिला. सुशील मूळचा पेणचा, आता नवी मुंबईत. तो काय करतो हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण तो लोकांना यशस्वी कसं व्हायचं ते शिकवतो, एवढं त्याच्या कार्डावर छापलेलं होतं. कार्ड त्याने सगळ्यांना वाटलं होतं. दिनानाथला दोन दिली होती.

"दोस्तांनो," सुशील म्हणाला, "आपण दर वर्षी येतो, खातो, जातो. पण नेटवर्किंग कुठे आहे?"

तोंडात शेंगा असल्यामुळे कुणी उत्तर दिलं नाही.

"जगभर माजी विद्यार्थी एकमेकांना वर खेचतात. आणि आपण? गुड मॉर्निंग टाकतो!" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने दिनानाथ हसला, ते गुड मॉर्निंग आपलंच आहे हे विसरून. सुशीलने मग रीतसर संघटना काढायचं सुचवलं. नोंदणी, लेटरहेड, छातीवर लावायचा बिल्ला, पदाधिकारी. "आणि चिटणीस आपला दिना! दुसरं कोण?"

टाळ्या पडल्या. लग्नपत्रिका आणि रेशनकार्ड सोडलं तर दिनानाथचं नाव आजवर कशावरही छापलं गेलं नव्हतं. त्या रात्री त्याने नूतनला तीनदा विचारलं, "नाव मराठीत छापतील का विंग्रजीत गो?"

"छापतील तवा बघू," नूतन म्हणाली आणि कूस बदलली.

पावसाळा सरता सरता पेणच्या एका हॉटेलात नियमावलीची बैठक झाली. निकेशने आपल्या साडूला सदस्य करून घ्यावं म्हणून गळ घातली. साडू पहिल्या वर्षाला चार महिने कॉलेजात होता, मग त्याने गणपतीच्या मूर्तींचा कारखाना काढला, आणि आता त्याच्या मूर्ती पार परदेशी जात होत्या. वर्गणी तो सढळ हाताने देईल, असं निकेशचं म्हणणं होतं. मंडळी डळमळायला लागली. तेव्हा भावी चिटणीस खुर्ची मागे सारून उभा राहिला.

"ह्ये बगा," दिनानाथ म्हणाला, "उद्या कोनीबी येल. कँटीनमधी चा प्यायला तोबी म्हनेल मी माजी विद्यार्थी. ज्याच्याकडं पदवीचं सर्टिफिकेट हाय, तोच मेंबर. सर्टिफिकेट नाय तर मेंबर नाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुशीलने तर उठून हात मिळवला. साडूचा निकाल लागला. नियम क्रमांक चार दिनानाथने स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून काढला आणि त्याखाली दोनदा रेघ मारली. स्वतःसाठी खड्डा इतक्या सुबक अक्षरात क्वचितच कुणी खणला असेल.

मग तो मोटरसायकल घेऊन सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स गोळा करत हिंडला. पेण, रोहा, डोलवी, नागोठणे. लोकांनी कपाटं उपसली, माळे उतरवले. आदर्शचं सर्टिफिकेट वाळवीने खाल्लं होतं, तर त्याला नवं काढून द्यायला दिनानाथच कॉलेजच्या खिडकीशी दोन खेपा उभा राहिला. फाइल फुगत चालली. दिवाळीच्या आधी सुशीलचा फोन आला, "ग्रेट काम केलंस दिना. आता फक्त एकच झेरॉक्स राहिलीय."

"कोनाची? नाव सांग, आज आनतो."

"तुझीच रे."

आता खरं सांगायचं तर दिनानाथ हे विसरला नव्हता. पण लक्षातही नव्हतं. घरात एखादी खोली बंद करून ठेवावी, मग तिच्यापुढून रोज जावं-यावं आणि काही वर्षांनी तिथे भिंतच आहे असं वाटावं, तसं त्याचं झालं होतं. त्याने कपाट उघडलं. एलआयसीच्या पावत्या, पोरांचे जन्मदाखले, कॉलेजचा निरोपसमारंभाचा फोटो. फोटोत तो दुसऱ्या रांगेत, डोक्यावर भरघोस केस. तो शोधत राहिला, जणू कागद आपणहून तयार होईल.

"काय शोधता?" नूतनने विचारलं.

"सर्टिफिकेट."

"कशाचा?"

"पदवीचा."

नूतन दारातच खाली बसली. "अवो, तो कवा आनलात तुमी? लग्नाच्या बोलनीला तुमच्या मामानी सांगितला व्हता, एक पेपर राह्यलाय, येत्या ऑक्टोबरला देऊन टाकील. तवापासून मी वाट बघतेय. कुठला ऑक्टोबर, ता मामानी नाय सांगितला."

पेपर ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा होता. नऊ मार्कांनी गेला होता. ऑक्टोबरला बसणार तोच धाटावला नोकरी लागली आणि फोरमनने रजा दिली नाही. पुढच्या एप्रिलला रात्रपाळी. मग लग्न, मग पोरं. कुणाशी तो खोटं बोलला नव्हता, कारण कुणी कधी विचारलंच नव्हतं. सत्तावीस वर्षं तो रिअॅक्टरमध्ये ज्या रसायनांचं मीलन घडवत होता ती सगळी त्याच पेपरातली होती, आणि त्यांनीही कधी सर्टिफिकेट मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो त्याच ओळखीच्या खिडकीशी गेला. आत बसलेली मुलगी त्या ऑक्टोबरच्या वेळी जन्मलीही नव्हती. तिने आपुलकीने संगणकात बघितलं, मोठ्या साहेबांना विचारून आली.

"काका, तुमचा अभ्यासक्रम कधीच बंद झाला. मधे तीन बदलले. आता परीक्षा द्यायची तर परत पहिल्या वर्षापासून. फॉर्म देऊ?"

दिनानाथने फॉर्म घेतला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मोटरसायकलपाशी येऊन त्याने तो घडी करून खिशात घातला, आणि त्याला इतकं वाईट वाटलं की किक मारायला पाय उचलेना.

सुशीलला सांगावंच लागलं. सुशील फोनवर फार हळहळला. "अरे, तू तर आपला पाया आहेस! पण दिना, नियम चौथा... तूच केलास ना रे. आता तुझ्यासाठी वाकवला तर निकेशचा साडू कोर्टात जाईल." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चुकीचं नसलेलं माणसाला अधिक झोंबतं. मग कार्यकारिणीने त्यावर तोड काढली आणि दिनानाथसाठी खास नवा वर्ग निर्माण केला. 'हितचिंतक'. सदस्यांचा बिल्ला निळा, हितचिंतकाचा पिवळा. हितचिंतकाला सभेत बसता येणार नव्हतं, मत नव्हतं, पण व्यवस्थेत मदत करता येणार होती. एकशे चाळीस सदस्यांच्या संघटनेत हितचिंतक एकटाच. चिटणीस म्हणून लेटरहेडवर आदर्शचं नाव छापलं, ज्याला एका मेसेजचं उत्तर द्यायला सहा दिवस लागत. नाव इंग्रजीत छापलं होतं.

मग नवा ग्रुप निघाला, 'अधिकृत'. जुन्यावर सुशीलने निरोप टाकला, 'सर्वांनी इकडे यावे, हा ग्रुप आता बंद समजावा.' दिनानाथ त्या दिवशी सेकंड शिफ्टला होता. दुपारच्या चहाला त्याने फोन उघडला तर ओळीमागून ओळ. अमक्याने ग्रुप सोडला. तमक्याने ग्रुप सोडला. ज्याच्या सासऱ्यांसाठी हा बाकड्यावर झोपला त्या आदर्शने सोडला. गाडी बंद पडलेल्या निकेशने सोडला. कुणी एक शब्द लिहिला नाही. लिहायचं सुचलं नाही असं नव्हे. बोटाला एकच बटण दाबायचं होतं, ते त्याने दाबलं. दोन दिवसांनी मोजलं तर उरले होते पाच. एक दिनानाथ, एक प्रविण, एकाचा नंबर दुबईला गेल्यापासून बंद होता, आणि दोघं वारले होते, त्यांना ग्रुप सोडता येत नव्हता.

दिनानाथने तिसऱ्या दिवशीही साडेपाचला सुप्रभात टाकली. दात मात्र आधी घासले.

प्रविणने त्याला फोन केला. प्रविण दोन्हीकडे होता, मुद्दाम. "माझा बिल्ला मी भंगारवाल्याला देनार व्हतो," तो म्हणाला, "पन तोबी घेत नाय. पलास्टिकचा हाय."

जानेवारी आला. शेतात वाल टंच भरले. अधिकृत ग्रुपवर रंगीत पत्रक पडलं, ते प्रविणने इकडे पाठवलं. 'भव्य पोपटी नेटवर्किंग मीट. पेणजवळील निसर्गरम्य फार्महाउस. दुपारी बारा ते चार.' पोपटी दुपारी! दिनानाथने कपाळाला हात लावला. काटक्या-गोवऱ्यांचा जाळ जानेवारीच्या कलत्या उन्हात पेटवायचा, तेव्हा अंगाला थंडी हवी, पोटात भूक हवी. पण मुंबईकरांना साडेपाचच्या आत घरी पोचायचं होतं. खाली छोट्या अक्षरात होतं, 'हितचिंतकांनी खुर्च्यांच्या व्यवस्थेसाठी सकाळी आठला उपस्थित राहावे.'

"हितचिंतकांनी," नूतन वाचून म्हणाली. "कितीजन हायत ते?"

"मी एकटा."

"मग 'हितचिंतकाने' लिवायचा ना," ती म्हणाली. "जानार काय?"

त्या रविवारी सकाळी सातला त्याने मोटरसायकल पुसली, सदरा घातला, पिवळा बिल्ला हातात घेतला. अंगणात पाच मिनिटं उभा राहिला. मग सदरा काढला आणि टोपली घेऊन शेंगा तोडायला शेतात गेला. नूतन त्याच्यामागून आली. तिला किती बरं वाटलं हे तिने दाखवलं नाही, फक्त दुपारच्या भाकरीबरोबर त्याच्या आवडीची सुकटाची चटणी बांधून आणली होती.

दीड वाजता फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर सुशीलचं घामेजलेलं तोंड, मागे निळे बिल्ले लावलेली भुकेली माणसं आणि खूप धूर.

"दिना! बरं झालं उचललास. अरे, ते इव्हेंटवाले... म्हणजे सगळं आहे, पण जरा बघ ना तू."

त्याने फोन फिरवला. दिनानाथने पाहिलं आणि नूतननेही त्याच्या खांद्यावरून पाहिलं. नवं कोरं रंगवलेलं मडकं सरळ, तोंड वर करून, विटांच्या चुलीवर ठेवलं होतं. वर स्टीलचं झाकण, ते कुणीतरी उचलून दाखवलं. आत सोललेले वाल, बिरड्याला भिजवतात तसे. शेंगाच नव्हत्या. वाशीच्या बाजारातून सोललेल्या वालांची पाकिटं आणली होती, तेवढाच त्रास कमी. भांबुर्डा कुणाला माहीत नव्हता आणि हिरवं काहीतरी हवं, म्हणून कोथिंबिरीच्या जुड्या घातल्या होत्या. कोथिंबिरीवर अंडी तरंगत होती. तरंगत होती, कारण मडक्यात पाणी होतं.

"एक तास झाला रे, काहीच होत नाहीय," सुशील म्हणाला. "पाणी किती घालायचं, तेवढं सांग. लोक चिडलेत."

उत्तर दिनानाथच्या ओठांवर होतं. पाणी नाय रे भावा, थेंब नाय. मडकं उपडं घाल. माणूस पाठव, शेंगा देतो, पाला देतो, मीच येतो. अर्ध्या तासात तो तिथे पोचला असता, पेटवून, उचलून, सगळ्यांना खाऊ घालून परत आला असता, पिवळा बिल्ला लावून. दहा वर्षांची सवय होती. त्याने तोंड उघडलं. टोपलीवरचा नूतनचा हात थांबला.

"सुशील," दिनानाथ म्हणाला, "ह्ये शेवटच्या पेपरात येतं रे. माझा तोच राह्यलाय."

पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. बहुतेक प्रविण.

"दिना, मस्करी नको यार, चाळीस माणसं..."

"वडखळ नाक्यावर वडापाव चांगला मिळतो," दिनानाथ म्हणाला आणि फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ग्रुपला नाही म्हटलं होतं. त्याला खूप आनंद झाला, आणि त्याच वेळी चाळीस माणसं उपाशी राहिली याचं वाईटही वाटलं, आणि या दोन्ही गोष्टी नूतनला दिसल्या.

दिवस कलल्यावर त्यांनी आपली पोपटी लावली. लहानसं मडकं, तिघा-चौघांपुरतं. नूतनच्या आईसाठी थोड्या शेंगा बाजूला काढायच्या, असं दिनानाथनेच सांगितलं. नूतनने एकदा त्याच्याकडे बघितलं, एवढंच. प्रविण डोलवीला जाता जाता मुद्दाम वाकडी वाट करून येणार होता, तो पोचेपर्यंत त्याचा मेसेज पोचला. अधिकृत ग्रुपवर पडलेला फोटो, खाली लिहिलेलं, 'अधिकृत पोपटीचा मनमुराद आनंद! हेच आपलं नेटवर्क!' त्याखाली एकशे बारा टाळ्या.

फोटोत वाफाळतं मडकं होतं. भांबुर्ड्याचा काळपट बोळा तोंडाशी, भोवती निखारे, मागे वालाचं शेत. पेणचं फार्महाउस नव्हतं ते. मागल्या वर्षीचं निडीचं शेत होतं, हेच. मडकं उचलून धरलेले दोन हात कोपरापर्यंत दिसत होते. कोपराच्या वर फोटो कापला होता. डाव्या मनगटावर चट्टा स्पष्ट होता.

नूतन फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. "अवो, ह्ये हात तुमचे हायत," ती म्हणाली. रागाने तिचा आवाज चढला होता. "तोंड कापला मेल्यांनी!"

दिनानाथने मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. त्याने फडकी घेतली, मडकं उचललं आणि जपून खाली ठेवलं.

"र्‍हाऊ दे गो," तो म्हणाला. "हात तरी पास झाले."